इंद्रायणीत दोनदा बुडालेले कागद

लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या डोंगरातून निघालेली इंद्रायणी कामशेतला पोचते तेव्हा ती अजून मावळातली साधी नदी असते. भाताच्या खाचरांना लागून वाहणारी, पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून जाणारी आणि चैत्रात खडक उघडे टाकणारी. तिची कीर्ती पुढे सुरू होते, देहूला. तिथल्या डोहात दोन वेळा कागद बुडाले असे परंपरा सांगते. पहिल्यांदा बुडाली ती कर्जखते. दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेल्या, व्यापार बसलेल्या एका वाण्याने आपल्याकडची लोकांच्या देण्याची खते पाण्यात सोडली. दुसऱ्यांदा बुडाल्या त्या त्याच वाण्याच्या अभंगांच्या वह्या. शूद्राने वेदार्थ सांगू नये असा निवाडा झाला म्हणून त्या बुडवाव्या लागल्या. माणूस तोच, नदी तीच. पण पहिल्या वेळी बुडवायचे हे त्याने स्वतः ठरवले होते, दुसऱ्या वेळी ते दुसऱ्याने ठरवले. या दोन बुडवण्यांतला फरक ज्याला सांगता येत नाही त्याने दुसऱ्याला 'बदल स्वीकारा' असा उपदेश करू नये, असे माझे मत आहे.

हा उपदेश आज सगळीकडून ऐकू येतो. पवना तलावाच्या काठावर आणि कामशेतच्या आसपास जी रिसॉर्ट उभी राहिली आहेत, तिथे कंपन्यांची शिबिरे भरतात, आणि बदल स्वीकारणारा वाढतो, न स्वीकारणारा संपतो, हे वाक्य अशा शिबिरांचा कणाच असते. त्याचे मूळ पुस्तक शोधायचे तर फार लांब जावे लागत नाही. स्पेन्सर जॉन्सन यांचे 'हू मूव्हड माय चीज?' १९९८ साली आले आणि कंपन्यांनी त्याच्या प्रती नोकरांना गठ्ठ्यांनी वाटल्या. गोष्ट छोटी आहे. एका भुलभुलय्यात दोन उंदीर आणि उंदरांएवढीच दोन माणसे राहतात. रोजच्या जागेवरचे चीज एक दिवस नाहीसे होते. उंदीर विचार न करता दुसरीकडे धावतात. माणसांपैकी एक जण रडून, चिडून, उशिरा का होईना बाहेर पडतो आणि जाता जाता भिंतींवर बोधवाक्ये लिहितो. दुसरा जागचा हलत नाही. गोष्टीतला शहाणपणा खोटा नाही. रिकाम्या कणगीसमोर बसून राहिल्याने पोट भरत नाही, हे आपल्याकडे कुणीही सांगेल. माझी तक्रार वेगळी आहे. पुस्तकाच्या नावातच एक प्रश्न आहे, माझे चीज कुणी हलवले? आणि सबंध पुस्तकात त्या प्रश्नाला उत्तर नाही. जो माणूस हा प्रश्न विचारत बसतो, तोच या गोष्टीत मूर्ख ठरतो. हलवणारा हात मात्र पानापानातून सुखरूप बाहेर पडतो.

मावळात हा प्रश्न विचारणारा माणूस मूर्ख नसतो. इथल्या खोऱ्यांतून शंभर वर्षे पाणी आणि जमीन हलत आली आहे. आधी टाटांची विजेची धरणे आली, ज्यांच्यापैकी मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. मग पवनेचे धरण आले आणि त्यात जमिनी गेलेल्या कित्येक खातेदारांना पर्यायी जमिनीसाठी दशकानुदशके खेटे घालावे लागले. मग द्रुतगती महामार्ग आला. पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी कामशेतजवळ बऊर येथे शेतकरी महामार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. त्या दिवशी रस्त्यावर आलेल्या माणसांना बदल नको होता असे म्हणणे हे त्यांना नीट न पाहणे आहे. हलवतो कोण, कुणासाठी आणि कुणाला विचारून, एवढेच ते विचारत होते.

आता या उपदेशाचे समर्थक साहित्याचा हवाला देऊ लागले आहेत, म्हणून मला लिहावेसे वाटले. साहित्यातली सगळी मोठी माणसे बदलली म्हणून मोठी झाली, असे ते सांगतात आणि पहिले नाव घेतात वाल्याचे. पण वाल्याची गोष्ट तरी पुरती आठवावी. नारदाने सांगितले आणि वाल्या बदलला असे झालेले नाही. तो आधी घरी गेला. माझ्या पापात वाटेकरी होता का, असे त्याने बायको-मुलांना विचारले. त्यांचा नकार त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला. त्यानंतर अंगावर वारूळ चढेपर्यंतचा काळ गेला. प्रश्न, नकार आणि वारूळ, या तिन्ही पायऱ्या वगळून उरते ते केवळ नाव बदलणे. आपल्या लोककथेने या पायऱ्या जपल्या, कारण माणूस कसा बदलतो हे तिला ठाऊक होते.

मराठीत याचा सर्वांत प्रामाणिक पुरावा शोधायचा तर मी दुसरे कुठलेही पुस्तक आधी उघडणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. एक माणूस आतून कसा बदलतो याचे इतके बारीक आणि इतके निर्भय चित्र आपल्या भाषेत दुसरे नाही. लक्ष्मीबाई वाढल्या त्या घरात सोवळे हा वडिलांचा ध्यास होता. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, असे ते घर. अकराव्या वर्षी लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी, म्हणजे एका जागी पाय न ठरणाऱ्या, मनात आले की घर सोडून चालू लागणाऱ्या कवीशी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळी एका ब्राह्मण बाईसाठी याचा अर्थ काय होता, तो आज सांगूनही कळणे कठीण आहे. नवरा जिवंत असून ती विधवेसारखी झाली, आणि लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन माहेरच्या माणसांच्या आधाराने दिवस काढू लागली. 'बदल स्वीकारा' म्हणणाऱ्यांच्या हिशेबाने पाहिले तर ही बाई त्या भुलभुलय्यात बसून राहिलेल्या दुसऱ्या माणसासारखी होती. तिने बदल स्वीकारला नाही. ती रडली, रागावली, जिवावर उदार झाली आणि अडून बसली.

आणि मग, काही वर्षांनी, ती नवऱ्याकडे गेली. पण आपले सोवळे घेऊन गेली. नगरला टिळकांच्या जगात राहून तिने आपली चूल वेगळी ठेवली. ही मधली वर्षे मला सर्वांत मोलाची वाटतात, कारण बदलाचा उपदेश करणाऱ्यांच्या गोष्टीत अशी मधली वर्षे कधीच नसतात. तिथे माणूस एकतर निघतो किंवा बसून राहतो. लक्ष्मीबाई निघाल्याही होत्या आणि बसल्याही होत्या. एकाच घरात नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यातली, आणि दोघांचे एकमेकांवर प्रेम. अशा अवघडलेल्या जागी राहून एके दिवशी त्यांना स्वतःच्याच विचाराने उमगले की जात देवाने केलेली नाही, माणसांनी केली आहे. मग त्यांनी ठरवले की यापुढे कुणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. कुणी व्याख्यान दिले नव्हते. ज्या पाण्याचा विटाळ मानत आल्या ते पाणी त्या प्यायल्या, आणि बापाच्या घरापासून जपलेले सोवळे त्या घोटासरशी गळून पडले. बाप्तिस्मा त्यानंतर झाला, १९०० साली, टिळकांनंतर तब्बल पाच वर्षांनी. क्रम लक्षात घ्या. आधी पाणी, मग धर्म. लक्ष्मीबाईंची वाढ चर्चमध्ये सुरू झाली नाही. पाण्याच्या भांड्याशी झाली.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही. शेवटी बाई नवऱ्याच्या मागूनच गेली ना? नवरा हिंदू असता तर ती हिंदूच राहिली असती, मग हा बदल तिचा कसा? उत्तर तिच्या पुस्तकातच आहे. नवऱ्याच्या मागून जाणारी बाई पाच वर्षे लावत नाही. ती त्याच दिवशी जाते, किंवा कधीच जात नाही. शिवाय लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ती झाल्यावर टिळकांचेही कौतुकच लिहिले असे नाही. त्यांचा विक्षिप्तपणा, त्यांचा राग, घरात दाणा नसताना दारी आलेल्यांना वाटून टाकण्याची त्यांची खोड, हे सगळे त्यांनी तितक्याच मोकळेपणाने लिहिले. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही, की सोवळे पाळणारी जुनी लक्ष्मी त्यांनी कुठेही हाकलून दिली नाही. तिच्यावर त्या हसतात, पण तिला तुच्छ लेखत नाहीत. ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींच्या आत्मचरित्राचे नाव 'अरुणोदय' आहे. त्या नावातच आधी रात्र होती हे गृहीत धरले आहे. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात अशी रात्र नाही. आधीही दिवस होता, नंतरही दिवस आहे, आणि दोन्ही दिवसांतली बाई एकच आहे. माणूस वाढला की नुसता पलटला, हे ओळखायची माझी खूण हीच आहे. वाढलेला माणूस आपल्या जुन्या रूपाबद्दल प्रेमाने बोलू शकतो. पलटलेल्याला त्याची लाज वाटते, आणि ती लाज झाकायला तो दुसऱ्यांच्या जुनेपणावर तुटून पडतो. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिले, आणि त्यातले बहुतेक अध्याय त्यांचे आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने ओवीबद्ध ग्रंथ पुरा केला. ओवी मात्र तिने बदलली नाही. ती माहेरहून आलेली होती.

जुने काय ठेवायचे हा प्रश्न साहित्यापुरता नाही, म्हणून एक गोष्ट मावळातल्याच मातीतली सांगतो. इथला मान आंबेमोहर भाताचा. शिजताना घरभर वास, पण रोप उंच, वाऱ्यापावसात आडवे पडणारे आणि उतारा बेताचा. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर करून नवे वाण काढले आणि १९८७ मध्ये ते शेतकऱ्यांकडे आले. त्याला नदीचेच नाव मिळाले, इंद्रायणी. आयआर ८ तेव्हा देशभर पीक वाढवत होता. तोच थेट लावा असे सांगता आले असते. पण वास गेला असता, आणि वासाशिवायचा भात मावळाने आपला म्हणून खाल्ला नसता. इंद्रायणी घराघरांत रुजली, कारण ती करणाऱ्यांनी आंबेमोहराचे काय ठेवायचे आहे हे आधी लक्षात घेतले होते.

याच मुलखातली एक कादंबरी माझ्यासमोर उलटा पुरावा म्हणून ठेवली जाते. तळेगाव दाभाड्याला राहिलेल्या गो. नी. दांडेकरांची 'माचीवरला बुधा'. आयुष्याची बरीच वर्षे मुंबईत काढलेला बुधा उतारवयात राजमाचीवर परततो आणि झाडापाखरांच्या संगतीत एकटा राहतो. हा तर बदलाला दिलेला नकार, जुन्या काळाची ओढ, असे या कादंबरीबद्दल म्हटले जाते. मला ते पटत नाही. शहरात गेलेल्या माणसाने परतणे ही हार मानण्याची सवय आपल्याला इतकी लागली आहे की परतण्यासाठीही बदलावे लागते हे आपण विसरलो. आपण ज्याला आयुष्य समजत होतो ते आपले नव्हते, हे म्हातारपणी कबूल करणे तरुणपणी मुंबई गाठण्यापेक्षा अवघड आहे. बुधाने ते केले. दांडेकरांनी त्याला कुठलेही बक्षीस दिले नाही, मरण दिले, आणि ते मरणही त्याचे स्वतःचे वाटावे असे लिहिले.

इथपर्यंत मी जे म्हणत आलो ते एका वाक्यात बसते. बदल आपला असेल, आपल्या वेळेने आणि आपल्या हिशेबाने केलेला असेल, तर माणूस वाढतो. हे वाक्य मला बराच काळ पुरेसे वाटत होते. पण ह. ना. आपट्यांची यमू त्याच्या आड येते, आणि तिला बाजूला सारून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः आली. यमूमध्ये काय कमी होते? नवरा रघुनाथ सुधारक मनाचा, तिला शिकवणारा. ती शिकते, मुंबईला वेगळ्या बिऱ्हाडात संसार करते, स्वतःच्या डोक्याने विचार करू लागते. हा बदल तिचा आहे, कुणी लादलेला नाही, आणि तो तिने आनंदाने केला आहे. लक्ष्मीबाईंना जे पाच वर्षांनी साधले ते यमूला लवकर साधले असेही म्हणता येईल. मग रघुनाथ मरतो. यमू सासरच्या माणसांच्या ताब्यात येते, शंकरमामंजींसारखा जुलमी माणूस त्या घरात आहे, आणि बळजबरीने तिचे केशवपन होते. तिने शिकलेले एकही अक्षर त्या वस्तऱ्याला अडवू शकत नाही. ती खंगत मरते. मागे राहते तिने लिहिलेली हकीगत.

यमू बदलली, तरी ती वाढू शकली नाही. का? कारण ज्यांच्या हातात वस्तरा होता ते बदलले नाहीत. हे उत्तर साधे आहे, पण ते स्वीकारले की माझे आधीचे वाक्य अर्धे कोसळते. आतून आलेला बदलही माणसाला वाढवायला पुरत नाही. त्या बदलाला जागा लागते आणि जागा देणारे किंवा नाकारणारे दुसरेच कुणी असतात. आपट्यांनी कादंबरीच्या नावातच प्रश्न ठेवला, आणि तो प्रश्न यमूला विचारलेला नाही. तो वाचणाऱ्याला विचारला आहे. चीजच्या गोष्टीच्या नावातही प्रश्न आहे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत. एका पुस्तकात प्रश्न विचारणारा मागासलेला ठरतो. दुसऱ्यात प्रश्न ऐकून न ऐकल्यासारखे करणारा गुन्हेगार ठरतो. साहित्य कुठल्या बाजूला आहे हे मला यापेक्षा अधिक स्पष्ट सांगता येणार नाही.

म्हणजे 'बदल स्वीकारा' हे वाक्य चूक नाही. ते चुकीच्या माणसाला सांगितले जाते. ते आपण यमूला सांगतो, शंकरमामंजींना सांगत नाही. जमीन गेलेल्याला सांगतो, जमीन नेणाऱ्याला सांगत नाही. ज्याच्याजवळ नाकारायची ताकद आहे त्याचे बदलणे हीच साहित्यातली सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत मोठी घटना आहे, असे आता मला वाटते. संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनात ती दिसते. ब्राह्मण असून तिने तुकारामांना गुरू मानले म्हणून नवऱ्याने तिला मारले. पुढे आजारपणात त्याचेच मन पालटले आणि तो तिला घेऊन देहूला आला. बहिणाबाईंची भक्ती त्याच्या आधीही होती. पण नवरा बदलला नसता तर तिची वाणी त्या चार भिंतींत दबून गेली असती. तिच्या वाढीत त्या रागीट माणसाच्या बदलाचा वाटा आहे, आणि तिने तो लपवला नाही.

आता पुन्हा त्या दोन बुडवण्यांकडे येतो. पहिल्या बुडवण्यातला एक तपशील लोक घाईत सोडून देतात. परंपरा सांगते की सगळी कर्जखते बुडाली नाहीत. धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची अर्धी खते तुकारामांनी त्याला काढून दिली आणि फक्त आपली अर्धी पाण्यात सोडली. स्वतः सावकारी सोडताना भावावर ती सोडण्याची सक्ती केली नाही. बदल स्वीकारण्याचा अधिकार आपल्या वाट्यापुरता असतो, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. दुसऱ्या बुडवण्यात मात्र सगळ्याच वह्या गेल्या, कारण तिथे ठरवणारा दुसरा होता. वाघोलीचे रामेश्वर भट, वेदविद्येचे अधिकारी. तुकाराम नदीकाठी तेरा दिवस निर्वाण मांडून बसले आणि वह्या वर आल्या, असे परंपरा मानते. वह्या पाण्यातून वर आल्या की लोकांच्या तोंडून, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. मला त्यापेक्षा रामेश्वर भटांचे काय झाले हे विचारावेसे वाटते.

संतचरित्रकार महिपतीने ती हकीगत सांगितली आहे. रामेश्वर भटांच्या अंगाचा दाह होऊ लागला, तो कशाने शमेना, ते आळंदीला ज्ञानेश्वरांकडे गेले आणि तिथे त्यांना तुकारामांकडेच जाण्याचा दृष्टान्त झाला. दाहाची कथा चमत्काराची म्हणून बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते, तिला चमत्कार लागत नाही. ज्याचा निवाडा सगळ्या पंचक्रोशीने मानला होता, त्याने आपला निवाडा चुकला हे चारचौघांत मान्य केले. ज्याला वेदांचा अधिकार नाही असे त्याने ठरवले होते, त्याच्याच पायाशी तो जाऊन बसला. त्याला काही मिळणार नव्हते. प्रतिष्ठा गेली असती, आपल्या जातभाईंत हसे झाले असते. तरी तो गेला, आणि तुकारामांनी त्याला परत पाठवले नाही. तुकारामांच्या वाढीची कथा आपण सतत सांगतो. रामेश्वर भटांच्या वाढीची कथा कुणी सांगत नाही, कारण ती सांगितली तर ऐकणाऱ्यांतल्या अधिकाऱ्याला, मालकाला, बापाला आणि नवऱ्याला खाली पाहावे लागते.

कामशेतहून खाली वाहत जाणाऱ्या या नदीच्या काठी गावोगाव सप्ताह होतात. कीर्तन संपले की माणसे उभी राहतात आणि तुकारामांची आरती म्हणतात. ती आरती रामेश्वर भटांची आहे.